वहिनीकडे मागितलेलं वाक्य

३ फेब्रुवारी

वहिनी,

सौ. लिहू की श्रीमती, यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी नुसतंच वहिनी लिहिलं. दादाचं आणि तुझं फाटून चार वर्षं झाली, तरी माझ्या तोंडात दुसरं काही बसत नाही. नव्या वहिनीला मी 'अहो वहिनी' म्हणते. त्यात अहो जास्त आणि वहिनी कमी असते.

चिमणी कशी आहे? गेल्या वाढदिवसाला मी शिवलेला फ्रॉक तिला आखूड झाला असेल. बाह्यांपाशी शिलाईत कापड राखून ठेवलंय, उसवून वाढवता येईल.

काम असं आहे. आम्ही कोरियाला फिरायला चाललोय. दादा, नवी वहिनी आणि मी. मार्चच्या शेवटी. नव्या वहिनीचा धाकटा भाऊ तिथे शिकायला आहे, सगळं त्यानेच ठरवलंय. तू तिकडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना भाषा शिकवतेस, तेव्हा मलाही प्रवासापुरती पंधरा-वीस वाक्यं लिहून पाठवशील का? आपल्याच अक्षरांत लिही. त्यांची अक्षरं म्हणजे मला चौकटी आणि काड्या दिसतात.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. आपल्याकडे टपाल आधी हॉलमध्ये वाचलं जातं आणि मग ज्याचं त्याला मिळतं, हे तुला काय सांगायचं. फोनही हॉलमध्येच आहे, अजून त्याच तिपाईवर.

मी अजून गणवेशांचं कटिंगच करते. खाकी आणि निळा, निळा आणि खाकी.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

चार वर्षांनी पत्र आणि तेही फुकटच्या शिकवणीसाठी. तुमच्या घराण्याचा गुण आहे हा. असो, पत्र पाहून बरं वाटलं, हेही लिहून टाकते, नाहीतर तू डोळ्यांतून पाणी काढशील.

चिमणीचा फ्रॉक बाह्यांना वाढवला, पण आता ती उंचीलाही वाढलीये. बापावर गेली आहे.

घे तुझी वाक्यं. नमस्कार, सकाळ असो की संध्याकाळ: आन्न्योंग हासेयो. म्हणताना मान थोडी खाली. धन्यवाद: कामसाहाम्निदा. किती झाले: ओल्मायेयो. कुठे आहे: ओदियेयो, त्याच्याआधी जे शोधतेस त्याचं नाव. सगळ्यात आधी लागतं ते ह्वाजांगशिल, म्हणजे संडास. ह्वाजांगशिल ओदियेयो. माझ्या वर्गातले दांडगे वेल्डर हे वाक्य पहिल्या दिवशी लाजत म्हणतात आणि परत आल्यावर सांगतात, बाई, तेवढं एकच कामाला आलं.

पाणी द्या: मुल जुसेयो. हे 'जुसेयो' लक्षात ठेव. द्या, करा, कृपा करून, सगळं त्यातच येतं. कागदावर बघून पाठ करू नकोस. कापताना मोठ्याने म्हण. हात कामात असले की जीभ लाजत नाही.

आता एक विचारते. मार्चअखेर तिथे थंडी असते. तुझ्या दादाला पंख्याची सुद्धा थंडी वाजायची. तो परदेशात फिरायला निघालाय, सोबत बायको आहे आणि बायकोच्या जोडीला बहीण. मी त्याच्याबरोबर नऊ वर्षं काढली, मला तो तालुक्याच्या गावापलीकडे घेऊन गेला नाही. काय भानगड आहे?

वहिनी (माजी)


१९ फेब्रुवारी

वहिनी,

भानगड काही नाही. माणसं बदलतात, एवढंच समज.

तुझी वाक्यं तोंडात बसायला लागली. कटिंगचं यंत्र चालू असताना म्हणते, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. पण काजं करणारी बाई ओठ वाचते की काय कोण जाणे. काल म्हणाली, "कुणाला शिव्या घालतेस गं एवढ्या मनापासून?" मी तिला आन्न्योंग हासेयो म्हटलं तर मी तिला आईवरून काहीतरी बोलले असं समजून तिने दुपारपर्यंत अबोला धरला. आता दोघी मिळून म्हणतो. मुल जुसेयो म्हटलं की ती माठाकडे बोट दाखवते आणि जागची हलत नाही.

आणखी थोडी वाक्यं हवीत. 'मला कळलं नाही' आणि 'हळू बोला' ही तर हवीतच. शिवाय हीही दे: 'मला तुमच्याशी एकटीने बोलायचं आहे.' 'या माणसाला बाहेर पाठवा.' 'हे कुणाला सांगू नका.'

दुकानात घासाघीस करायला उपयोगी पडतात म्हणे. नवी वहिनी सोबत असली की भाव पाडायला लाजते.

लवकर पाठव.

धाकटी


२५ फेब्रुवारी

धाकटे,

मला कळलं नाही: मोरूगेस्सोयो. हळू बोला: छोन्छोनी माल्हे जुसेयो. ही दोन घे.

बाकीची तीन देत नाही. दुकानदाराला 'या माणसाला बाहेर पाठवा' म्हणून कुणी साड्या घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. मला काय खुळी समजतेस? तू लहानपणापासून खोटं बोलताना कारण एकाऐवजी दोन देतेस, आणि इथे तर तीन वाक्यांना मिळून एक घासाघीस दिलीस, तीही अंगाला बसत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या काकाने 'फिरायला नेतो' सांगून नेलं आणि तिथे एका म्हाताऱ्याशी तिचं लग्न ठरवून आला. तुझं तसं काही चाललंय का? त्या नव्या वहिनीच्या भावाशी तुला बांधायला निघालेत का? की कुठल्या कारखान्यात ठेवून येणार आहेत? तुझा दादा एवढा खाली उतरेल असं वाटत नाही, पण मी त्याला ओळखण्यात याआधीही चुकलेय.

खरं लिही. नाहीतर मी सरळ हॉलमधल्या फोनवर फोन करेन, आणि उचलेल त्याला विचारेन.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

फोन करू नकोस. सांगते सगळं.

लग्न नाही, कारखाना नाही. दादाचं यकृत गेलंय. दारू नाही, तुला माहीतच आहे तो चहाशिवाय काही घेत नाही. जुनी कावीळ आत राहिली होती आणि आतल्या आत पोखरत गेली. पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत, हातपाय काड्या झालेत. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा मिळाला तरच. जिवंत माणसाचा चालतो. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं म्हणतात. आपल्याकडे ते अजून होत नाही, तिथे होतं.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. नव्या वहिनीचं जुळलं नाही. आईला वयामुळे नाही म्हणाले. माझं जुळलं.

वहिनी, ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या दिवशी आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नवी वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. दादाने भिंतीकडे तोंड केलं. आणि सगळं ठरलं. तिकिटं आली, कागद आले. मला कुणी विचारलंच नाही. 'देशील का' एवढे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. मी नाही म्हणेन असं कुणाच्या मनातच आलं नाही, आणि मलाही तेव्हा काही बोलता आलं नाही.

मला भीती वाटते. दुसरं काही मोठं कारण नाही. दादाचा मला राग नाही. बाबा गेल्यावर त्यानेच मला कटिंग शिकायला घातलं. पण आडवं पडायचं, इथून तिथपर्यंत कापून घ्यायचं आणि डोळे उघडतील की नाही ते ठाऊक नसायचं, हे सारखं मनात येतं. टेबलावर कापड पसरते आणि हात थांबतो.

तिथले डॉक्टर देणाऱ्याला आत घेऊन विचारतात म्हणे, मनापासून देतेस का. आपली भाषा तिथे कुणाला येत नाही. इंग्रजी माझं आणि त्यांचं सारखंच जेमतेम. मधे बोलायला नव्या वहिनीचा भाऊ असणार. मी जे बोलेन ते त्याच्या कानातून जाणार, आणि त्याच्या बहिणीचं कुंकू माझ्या हो-नाहीवर आहे. तो काय सांगेल तिकडे?

म्हणून मला ती तीन वाक्यं हवीत. आणि चौथं: 'मला द्यायचं नाही.'

मी ते म्हणेनच असं नाही. मला अजून माझंच कळत नाही. पण ते तोंडात असायला हवं.

चिमणीला काही सांगू नकोस.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर वेळ सांगायला शिकवत होते. पत्र वाचलं आणि फळा पुसला. सगळ्यांना घरी पाठवलं.

तू माझ्याकडे काय मागते आहेस, तुला कळतंय का? तो माझा नवरा राहिला नसेल, पण चिमणीचा बाप आहे. महिन्यातून एका रविवारी ती त्याच्याकडे जाते आणि परत येताना पुलावरून मागे बघत येते. गेले तीन रविवार त्याने 'काम आहे' म्हणून टाळलं. मी त्याला चार शिव्या हासडल्या मनातल्या मनात. आता कळलं की तो तिला आपले डोळे दाखवत नव्हता.

माझ्या हाताने तुला ते वाक्य लिहून देऊ? आणि उद्या मुलीने विचारलं की बाबा कसे गेले, तर काय सांगू?

दवाखान्यातली वाक्यं देते. दुखतंय: आपायो. भीती वाटते: मुसोवोयो. थंडी वाजते: छुवोयो.

नकाराचं मी देणार नाही. दुसऱ्या कुणाकडून घे.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

दुसरं कोण आहे मला?

घरात सगळे मला जपतात. जिना उतरताना नवी वहिनी हात धरते. सायकल काढून घेतली, पडले-झडले तर. आई माझ्या पानात दोनदा वाढते आणि संपेपर्यंत समोर बसून राहते. माझा आवाज जरा चढला की सगळे गप्प होतात आणि मान्य करतात. एवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं. दादा माझ्याकडे बघत नाही. मी खोलीत गेले की झोपेचं सोंग घेतो.

काल त्या भावाचा फोन आला. हॉलमध्येच, सगळ्यांसमोर. म्हणाला, "ताई, काळजी करू नका. डॉक्टर एक-दोन प्रश्न विचारतील, नुसता शिरस्ता असतो. तुम्ही काही बोलायची गरज नाही. मी आहेच. फक्त मान हलवा." मुलगा वाईट नाही. बहिणीसाठी जिवाचं रान करतोय. पण फोन ठेवल्यावर मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली.

तू चिमणीचं लिहिलंस. तिचा चेहरा माझ्यासमोर नाही असं वाटतं का तुला? रोज असतो. पण वहिनी, तू ते घर सोडलंस तेव्हा सगळे म्हणत होते, ही असं कसं करू शकते, हिला मुलगी आहे. तुझ्या मनात काय आहे ते एकाने विचारलं नव्हतं. तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, की माझ्याच बाबतीत मला सोडून सगळ्यांना सगळं कसं कळतं. मी तेव्हा तुझी बॅग रिक्षात ठेवली होती. का ठेवली ते मला आज कळतंय.

मला वाक्य दे. मग मी काय करेन ते माझ्यावर सोड.

अठ्ठावीसला निघतोय.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून स्टेशनावरच्या टपालात टाकणार आहे.

आधी एक सांगते, मग वाक्यं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. त्यात तू मागितलंस ते वाक्य होतं, उच्चारासकट, कुठे थांबायचं तेही. फक्त त्याचा अर्थ 'मी देते' असा होता. तुला कधीच कळलं नसतं. तू डॉक्टरांसमोर नकार समजून होकार देऊन आली असतीस. मी पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि पेटीपर्यंत गेले. चिमणी माझ्यासोबत होती. तिला मी सांगितलं, आत्याला पत्र आहे. ती म्हणाली, "मी टाकू?"

मी तिच्या हातात नाही दिलं. माझ्या वर्गातली माणसं मी दिलेलं वाक्य तोंडात घेऊन परक्या दारात उभी राहतात. त्यांना ते तपासता येत नाही. माझ्यावर विश्वास टाकण्यावाचून त्यांच्यापाशी काही नसतं. ते पाकीट मी घरी येऊन चुलीत घातलं, आणि मग खूप रडले. कुणासाठी ते विचारू नकोस.

आता खरी वाक्यं. आपण दोघीच बोलूया: तुरिसोमान इयागीहागो शिपोयो. त्या माणसाला बाहेर पाठवा: छो साराम नेबोने जुसेयो. कुणाला सांगू नका: आमुहान्तेदो मालहाजी मासेयो.

मला द्यायचं नाही: कीजुंगहागो शिप्ची आनायो. 'शिप्ची'पाशी अडखळू नकोस, 'आनायो' स्पष्ट म्हण.

मी देते: कीजुंगहालकेयो.

दोन्ही त्यांच्या अक्षरांतही खाली लिहिली आहेत. मी केलं ते वाचल्यावर तू माझ्यावर विश्वास ठेवावास असं मी म्हणणार नाही. तिथे पोचलीस की कुठल्याही परक्या बाईला हा कागद दाखव, एकेका ओळीवर बोट ठेव. होकार कुठला आणि नकार कुठला ते ती मान हलवून सांगेल. खात्री करून घे. दोन्ही पाठ कर.

माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक आहे. तू 'देते' म्हणावंस यासाठी मी रोज हात जोडते. तरी दोन्ही पाठवते आहे.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुझा कागद मी विमानतळावर जमीन पुसणाऱ्या एका बाईला दाखवला. तिने एका ओळीला मान आडवी हलवली, दुसरीला उभी. मग माझ्याकडे बघत राहिली आणि माझा स्कार्फ नीट करून गेली. तुझं सगळं बरोबर होतं.

दादाला लगेच दाखल करून घेतलं. माझ्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. आज सकाळी मला आत बोलावलं. लहान खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत कुंडी. डॉक्टर बाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. तो भाऊ माझ्या शेजारी बसला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, त्याचा गुडघा सारखा हलत होता. डॉक्टर बोलल्या. तो मला म्हणाला, "ताई, विचारतायत तब्येत कशी आहे." मी मान हलवली. त्या पुन्हा बोलल्या, या वेळी जरा जास्त. तो म्हणाला, "आता फक्त हो म्हणा."

मी डॉक्टरांकडे बघून म्हटलं, तुरिसोमान इयागीहागो शिपोयो.

वहिनी, तो भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला, जणू भिंत बोलली. "ताई, काय हे? कुठे शिकलात?" मी त्याच्याकडे हात करून दुसरं वाक्य म्हटलं. डॉक्टर त्याला काहीतरी म्हणाल्या. तो उठेना. हात जोडून त्यांना काहीतरी समजावायला लागला. मग त्यांनी उठून दार उघडलं आणि धरून उभ्या राहिल्या. जाताना तो मला हळू म्हणाला, "माझ्या ताईचा विचार करा."

दार बंद झालं, आणि मग खरी पंचाईत झाली. डॉक्टर माझ्यासमोर बसून बोलायला लागल्या, आणि मला एक अक्षर कळेना. मी बोलायचं शिकले होते, ऐकायचं शिकलेच नव्हते. त्यांना वाटलं मला भाषा येते. त्या भराभर बोलत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मोरूगेस्सोयो म्हटलं. छोन्छोनी म्हटलं. त्या थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं की माझ्यापाशी मोजकीच वाक्यं आहेत आणि त्यातलं एक सांगायला मी आले आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या थांबून राहिल्या. आजवर माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात होती. त्या घटकेपर्यंत मला माहीत नव्हतं कुठलं निघेल. चिमणी आठवली. दादाची पाठ आठवली.

मी म्हटलं, कीजुंगहागो शिप्ची आनायो.

त्यांनी विचारलं, "वेयो?" हे मला बरोबर कळलं, का म्हणून. मी म्हटलं, मुसोवोयो. आणि मग माझं रडणं थांबेना. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या, दोनदा. क्वेन्चानायो की असं काहीतरी. तो शब्द तू मला दिला नव्हतास. मग मी शेवटचं वाक्य म्हटलं, कुणाला सांगू नका.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की माझ्या यकृताचा देण्याजोगा भाग लहान आहे, दादाला पुरणार नाही. त्या भावाने ते वाक्य न वाक्य आम्हाला सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याला ठाऊक आहे. तो का बोलला नाही ते मला कळत नाही. नवी वहिनी जमिनीवरच बसली. दादाने ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मग आता दोनदा जेवायचं बंद कर, फुकट जाड झालीस." गेल्या दोन महिन्यांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्याला काय कळलं आणि काय नाही, मी विचारू शकले नाही.

दुसरं कुणी देणारं मिळतं का म्हणून दवाखान्यात दादाचं नाव लिहून घेतायत. आम्ही परत येतोय.

वहिनी, हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकते.

धाकटी


१९ जून

वहिनी,

माझ्या एप्रिलच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही.

दादाला जाऊन महिना झाला. तू आलीस, चिमणीला घेऊन मागे भिंतीपाशी उभी राहिलीस आणि माझ्याशी न बोलता गेलीस. चिमणी माझ्याकडे यायला निघाली होती, तू तिचा हात सोडला नाहीस. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणायचा मला हक्क नाही.

घरात सगळे मला म्हणतात, बिचारीची तयारी होती, देवाने तिचं देणं घेतलं नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी तिथे बसून ऐकते. दोनदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगून मी मोकळी होईन आणि आई नि नवी वहिनी कायमच्या अडकतील. म्हणून गप्प बसते.

मला खंत आहे. रोज आहे. पण वहिनी, पुन्हा त्या खोलीत बसवलं तर मी दुसरं वाक्य म्हणेन, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. हे फक्त तुलाच सांगता येतं, आणि तुलाच सांगायला नको आहे.

तू मला माफ करशील का? आणि डॉक्टर जो शब्द दोनदा म्हणाल्या, त्याचा अर्थ काय?

धाकटी


२७ जून

धाकटे,

दहा वेळा लिहायला बसले. हे अकरावं आहे असं समज आणि अक्षर बघू नकोस.

चिमणीने मला विचारलं, आत्याचं का जमलं नाही. मी सांगितलं, माप लहान पडलं. ती म्हणाली, "आत्या तर बाबांची बहीण आहे, मग कसं लहान पडेल?" मी म्हटलं, पडतं कधीकधी. पुढे ती मोठी होईल आणि पुन्हा विचारेल, आणि मी पुन्हा हेच सांगणार. आयुष्यभर तिच्याशी खोटं बोलायचं काम तू मला दिलंस. मला तुझा राग आहे. सकाळी तिची वेणी घालताना येतो, मग दिवसभर राहतो. तुझ्या दादाचाही येतो, असा गुपचूप गेल्याबद्दल. माझा स्वतःचाही येतो, कारण ते पहिलं पाकीट मी पेटीत टाकलं असतं तर आज तो असता. कदाचित तूही असतीस. कदाचित नसतीस. या 'नसतीस'पाशी मी दर वेळी थांबते.

माफी मागतेस. कशाची करू? तू माझ्या मुलीचं काही घेतलं नाहीस. तुझं होतं ते तू ठेवलंस. एवढं मला डोक्याने कळतं, बाकी अजून कळायचंय. पण तू पुन्हा वाक्य मागितलंस, तर मी पुन्हा तेच देईन, जसंच्या तसं. हे मी स्वतःला विचारून बघितलं आहे.

क्वेन्चानायो. माझ्या वर्गात हा शब्द पहिल्या दिवशी शिकवते, तुझ्या वेळी राहून गेला. अर्थ साधा आहे. असू दे, काही हरकत नाही, सगळं ठीक आहे.

डॉक्टरांनी तुला म्हटलं ते मला अजून म्हणता येत नाही. एरवी दिवसातून वीसदा हा शब्द फळ्यावर लिहिते, पण तुझ्या नावाने म्हणून बघितला तर ओठांवर येत नाही.

रविवारी ये. आता त्या रविवारी चिमणीला जायला कुठे नाही.

वहिनी